कांबळे जमादार आणि तांदळाएवढी पिन

पिस्तूल हातात आलं की कांबळे जमादार आधी डोळे मिटत. मग उजव्या हाताचा अंगठा पिस्तुलाच्या मागच्या टोकावरून, घोड्याच्या जरा वर, सावकाश फिरवत. पिस्तूल साहेबानं नुकतंच रिकामं करून दिलेलं असो की वर्षभर पेटीत पडून राहिलेलं, त्यात बदल नसे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं शस्त्रागार म्हणजे पत्र्याच्या गोदामातली एक खोली. कांबळे तिथले जमादार. देगलूरकडचे, पन्नाशीला टेकलेले, मोजकं बोलणारे. मी नवा फौजदार. पहिल्याच दिवशी माझ्या हाती पिस्तूल देताना त्यांनी घोड्याच्या वरची बारीक पिन दाखवली. नळीत गोळी असली की तांदळाच्या दाण्याएवढी पिन बाहेर डोकावते, नसली की आत जाते.

"खोलून बघायला येळ नसतो तवा ही कामाची, सायेब," ते म्हणाले. "अंधारात बोटाला कळती, उजेडात लांबून डोळ्याला. पर येळ असला तर खोलूनच बघायचं. पिन आत दिसली म्हणून बेफिकीर ऱ्हायचं न्हाई. घाण अडकली की ती बी खोटं बोलती."

मी मान हलवली. हे सगळं मी शिकून आलो होतो. म्हाताऱ्याचं जरा अतीच आहे, असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला होता. निलंग्याकडच्या एका गावात पाण्याच्या टँकरभोवती चेंगराचेंगरी झाली आणि एका बाईचा पाय चाकाखाली गेला. माणसं कमी म्हणून कांबळ्यांनाही सोबत घेऊन आम्ही चौघे जीपने पोचलो तेव्हा लोक ड्रायव्हरला बडवत होते. त्याचा एक कान लोंबत होता. उतरताच माझ्या शिपायाच्या जबड्यावर दगड बसला. त्यानं दोन दात ओंजळीत थुंकले. मी पिस्तूल काढलं, तेवढ्यात कुणीतरी घागर माझ्या कपाळावर हाणली. डोळ्यांत रक्त उतरलं आणि हात रिकामा झाला.

पिस्तूल गोविंद नावाच्या एका गावकऱ्याकडे होतं. चाकाखाली आली ती त्याची बायको. त्यानं ते ड्रायव्हरवर रोखलं होतं. आमच्याकडे त्याची अर्धी पाठ होती, मध्ये पाच-सहा पावलं. नळीत गोळी नाही याची मला खात्री होती. मी झेप घेणार, तोच कांबळ्यांनी मागून माझा पट्टा धरला.

"थांबा सायेब. पिन वर हाय."

आणि मला आठवलं. पिस्तूल काढता काढता, घाबरून, मीच गोळी चढवली होती.

कांबळे मोकळे हात पुढे करून चालत गेले. "दादा, बाईचं रगात जाऊन राहिलं. जीप हाय, दवाखान्यात नेऊ. ते मला दे."

गोविंद गर्रकन वळला. कांबळ्यांनी त्याचं मनगट वर ढकललं आणि गोळी सुटली. त्यांच्या खांद्याचं हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. झटापटीत दुसरी गोळी टँकरला लागली. भोकातून पाण्याची धार सुरू झाली आणि कांबळे मातीत पडलेले असताना त्यांना ओलांडून बाया धारेखाली घागरी लावू लागल्या.

दोन दिवसांनी मी दवाखान्यात गेलो. एक पांढऱ्या केसांची बाई त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. मला वाटलं, बहीण असेल.

अहवाल माझ्या खिशात होता. त्यात मी लिहिलं होतं की गोविंदनं पिस्तूल हिसकावून स्वतः गोळी चढवली. मी म्हणालो, "जमादार, मला खरंच वाटलं होतं ते रिकामं आहे."

"मलाबी एकदा तसंच वाटलं व्हतं," ते म्हणाले. "ह्या शांताबाई. ह्यांचा मालक माझा दोस्त, माझ्यासंगं नोकरीला. पिस्तूल पुसताना माझ्या हातून गोळी सुटली, त्याच्या गळ्यात गेली. पिन वर व्हती सायेब. ती कशाला असती हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्याच हातून सुटली, असं मी सांगितलं."

शांताबाईंनी त्यांचं तोंड पदरानं पुसलं. "खरं सांगायला अकरा वर्सं लावली ह्यांनी," त्या मला म्हणाल्या. "तवर मी मेलेल्यालाच शिव्या घालत व्हते, स्वतःला जपता आलं न्हाई म्हणून."

त्या भाकरी भरवत राहिल्या. मी बाहेरच्या बाकावर बसलो, खिशातला कागद फाडला आणि दुसरा लिहिला.

माझी चौकशी झाली, माहूरला बदली झाली. कांबळ्यांचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. गोविंदला शिक्षा झाली, त्यानं केलं तेवढ्याची. गोळी चढवल्याची नाही.