म्हशीला सांगितलेल्या बातम्या

“आयकलंस का गं?” एवढं म्हणून शेजारच्या मावशी म्हशीच्या पाठीवर तळहात ठेवायच्या, आणि मग घरच्या बातम्या सुरू व्हायच्या.

मुलांनो, तुम्ही तिकडून विचारता की आजी, तुमच्या वेळी दूरच्या माणसाला घरची खबर कशी कळायची. पत्रानं कळायची, हे उत्तर सोपं आहे. पण मला आठवतात त्या बाईंचा मुलगा दूर नव्हताच. गोठ्यातल्या कुडाच्या पलीकडे बसलेला असायचा. कारवीच्या काठ्यांचा, शेणानं लिंपलेला तो कूड. अलीकडे आई, पलीकडे मुलगा, आणि दोघांत मिळून एक म्हैस.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही भोरजवळ उत्रोलीला राहत होतो. तुमचे आजोबा संस्थानच्या कचेरीत आणि मी मुलींच्या शाळेत. संध्याकाळी चालत घरी आले की मी खिडकीशी बसून राहायची. उठून दिवा लावायचंही जिवावर यायचं. त्या खिडकीखालीच शेजारचा गोठा होता. मी त्या बाईंना मावशी म्हणत असे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. गावात त्यांना नावानं हाक मारणारं कोणी उरलंही नव्हतं.

मुलगा चाळिशीला आलेला, अंगानं थोराड. जमीन वाटून झाली होती, भांडी वाटून झाली होती, चुली दोन झाल्या होत्या. म्हैस तेवढी वाटता येईना. सकाळचं दूध सुनेचं, संध्याकाळचं मावशींचं. संध्याकाळी मुलगा कुडापलीकडे दोर वळत बसायचा. आईशी एक अक्षर बोलायचा नाही. मग मावशी म्हशीशी बोलायच्या.

“आयकलंस का गं? पालीच्या आक्काच्या लेकीच्या पोरीला दात आलं. वरलं आदी आलं, म्हून सासू कुरकुरतीया, अपशकुन म्हन्ती.”

म्हैस रवंथ करायची. पलीकडे दोर वळण्याचा आवाज चालू असायचा.

त्यांच्या बातम्यांना एक क्रम होता आणि तो कधी चुकला नाही. आधी जन्म, मग जनावरं, मग भावकीतली भांडणं, शेवटी आजारपणं. कोणी फार आजारी असलं तर त्या बातमीचा शेवट ठरलेला: “भेटायचं त्यानं भेटून घ्यावं.” हे ऐकलं की दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा डोक्याला मुंडासं बांधून निघालेला दिसायचा. कुठं चाललात म्हणून विचारलं तर, “हितंच,” म्हणायचा.

सून हसरी होती. विहिरीवर मला म्हणाली, “बाई, आमच्या म्हशीला समदी सोयरीक पाठ झालीया. पोरीचं लगीन ठरवाया तिलाच न्यावी म्हन्ते.”

तू का नाही निरोप सांगत, असं मी तिला विचारलं. तिनं सांगून पाहिलं होतं. आईचं नाव निघालं की नवरा ताटावरून उठायचा, म्हणून तिनं ते सोडलं.

हे कशावरून झालं ते मला मावशींनीच सांगितलं, तेही तांदूळ पाखडता पाखडता, माझ्याकडे न बघता. मुलगा मुंबईला गिरणीत नुकता लागला होता, तेव्हा इकडे त्याचा बाप आजारी पडला. बाप म्हणाला, पोराला हलवू नका, नोकरी जाईल. मावशींनी नवऱ्याचं ऐकलं आणि कळवलं नाही. कळवलं तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगा आला तो राख सावडून झाल्यावर. उंबऱ्यात उभा राहून एवढंच बोलला: “मला कशाला सांगशील तू?” पुढं गिरणी सोडून तो घरीच आला, वेगळी चूल मांडली, आणि आईशी बोलणं मिटलं ते मिटलंच.

“तवाधरनं काय बी ठिवून न्हाई घेत,” मावशी म्हणाल्या. “कोंबडी खुडूक झाली तरी सांगती. पुन्ना त्यानं म्हनाया नगं.”

एकदा गुंजवण्याच्या मामाची बातमी होती. मामांनी बाजारात दाढ काढून घेतली, आणि त्या माणसानं दुखरी ठेवून शेजारची चांगली काढली. मावशी सगळं रंगवून सांगत होत्या, मामांचा गाल, मामींच्या तोंडाचा पट्टा. कुडापलीकडे दोराचा आवाज थांबला आणि नाकातून फुस्स झालं. मावशींनी वर खिडकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

“म्हस हासली, आयकलं न्हवं बाई?”

“ऐकलं,” मी म्हटलं.

पुढं मावशींच्या पायांवर सूज दिसू लागली. पोटही वाढलं. मी म्हटलं, मावशी, भोरच्या दवाखान्यात दाखवा. त्या म्हणाल्या, दाखवू की. चालत जाणं आता त्यांच्यानं होणार नव्हतं आणि बैलगाडी मुलाच्या वाटणीला गेलेली. त्याला सांगा, मी म्हटलं. “सांगती की,” म्हणाल्या.

पण संध्याकाळ झाली की पालीचं सांगत, भातावरच्या किडीचं सांगत, आणि धार काढून भिंत धरत धरत घरात जात. मी खिडकीत वाट बघून दमले. सगळ्यांचं दुखणं सांगणाऱ्या बाईला स्वतःचं तेवढं सांगता येईना. एक दिवस शेवटी त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

“आयकलंस का गं? हितल्या म्हातारीचं काय खरं न्हाई. पाय सुजल्यात. भेटायचं त्यानं भेटून घ्यावं.”

पलीकडचा दोर थांबला.

सकाळी दारात गाडी जुंपलेली होती. आत पेंढा, त्यावर घोंगडी. सून मला बोलवायला आली. डॉक्टरांशी बोलायला बाई संगं असाव्यात, असं नवऱ्यानं सांगितलं होतं. गाडीत आमच्याकडे पाठ करून मुलगा बसला. अर्धी वाट सरली. मग त्यानं मागं न बघता विचारलं, “ऊन लागतंय का?”

मावशींनी माझा हात धरला. “कुनाला इचारतोय ह्यो?”

“तुम्हांलाच.”

“म्हनावं, न्हाई लागत.”

“तुम्हीच सांगा,” मी म्हटलं आणि भाताच्या खाचरांकडे तोंड केलं. मागून बारीक आवाज आला, “न्हाई रं लागत.”

डॉक्टर चांगले होते, पण आता उशीर झाला आहे असंच म्हणाले. मी ते मुलाला एकट्याला सांगितलं. तो बैल जुंपायला गेला. मावशी दिवाळीपर्यंत राहिल्या नाहीत. शेवटी पालीच्या आक्काला, म्हणजे मावशींच्या बहिणीला, आणायला त्यानं गडी पाठवला, स्वतः उशापासून हलला नाही. ती वेळेवर पोहोचली. सगळं रीतीप्रमाणे झालं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मला लिहायचं आहे ते दवाखान्यातून परतीच्या वाटेचं. त्या वाटेवर मावशी बोलत होत्या. पाली, गुंजवणे, भावकी, काहीच नाही. मुलाच्या पाठीकडे बघत त्या त्याच्या बापाचं शेवटचं दुखणं सांगत होत्या, अगदी पहिल्या तापापासून. काय खाल्लं, काय टाकलं, कुठल्या कुशीवर बरं वाटायचं. पोराला हलवू नका म्हणाले ते, आणि मग दाराची कडी वाजली की मान उचलून बघायचे ते. “तुजंच नाव न्हाई घेतलं,” त्या म्हणाल्या. “पर दार बंद करू देईनात.”

मुलगा मधूनमधून “व्हय” म्हणत होता. बैल आपल्या मनानं चालत होते.

गाडी दारात येऊन थांबली तेव्हा सांगणं संपलेलं नव्हतं. मी हळूच उतरून माझ्या पायरीवर गेले. फार दमले होते, तरी तिथंच उभी राहिले. बैल जुंपलेलेच होते आणि मुलगा कासरा धरून तसाच बसला होता. सून सासूला उतरवून घ्यायला पुढं आली, तेव्हा त्यानं मान न वळवता हात वर करून तिला थांबवलं.