पाऊस वरचा, भराव आपला

आमच्या घरामागच्या ओढ्यावरची मोरी सहा फूट रुंद आणि चार फूट उंच आहे. मागच्या उन्हाळ्यात थोरल्या भावानं तिच्या तोंडाशी मुरूम टाकून वाट केली. त्याच्या मंगल कार्यालयात गाड्या थेट आत याव्यात, एवढाच हेतू. पाण्यासाठी भरावाखालून दोन फुटांचा एक पाइप घातला. चोवीस चौरस फुटांतून जाणारं पाणी आता जेमतेम तीन चौरस फुटांतून जाणार होतं. मी तेव्हाच त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझी फूटपट्टी ठेव घरात."

त्याच वर्षी आषाढात तीन दिवस पावसानं उसंत घेतली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचत बसली होती. ती बी.ए.ला तत्त्वज्ञान शिकते. अठराव्या शतकात युरोपात एक अख्खं शहर भूकंपानं पडलं, तेव्हा विचारवंतांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, असं काहीसं होतं. भूकंप, पूर, रोगराई हे नैसर्गिक अशुभ. माणसाच्या इच्छेतून येतं ते नैतिक अशुभ.

"म्हणजे दुष्ट कोण?" भाकरी थापता थापता बायकोनं विचारलं.

"ज्याला नियम कळत नाही तो नव्हे, आई. नियम पटतो, सगळ्यांनी पाळावा असंही वाटतं, फक्त स्वतःपुरती सूट घेतो, तो."

तेवढ्यात मागून चाचांची हाक आली. चाचा गाद्या भरतात. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची गादी त्यांच्याच हातची. भरावाच्या वरच्या अंगाला त्यांचं मातीच्या भिंतींचं घर आहे. पाणी उंबऱ्याला लागलं होतं. चाचींना आम्ही आमच्याकडे आणलं, पण चाचा कापूस माळ्यावर चढवत आतच राहिले. मातीची भिंत वरून कोरडी दिसते, आतून भिजते आणि एकाएकी बसते. हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी आणि मुलगी भावाकडे गेलो. तो कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा राहून पाणी बघत होता.

"दादा, जेसीबी बोलवा. भराव फोडायला पाहिजे."

"पाऊस काय मी पाडतोय व्हय? देवाची करणी हाय ही."

"पाऊस वरनं आला. पाणी तुम्ही अडवलंय."

"परवा लगीन हाय हितं. वऱ्हाड काय होडीतनं आणू?" मग मुलीकडे बघून म्हणाला, "ह्या विद्वानबाईंनी शिकवलं व्हय तुला?"

मुलगी घाबरली होती, तरी बोलली. "मोठे बाबा, पाइप घालताना कळत होतं का तुम्हाला?"

आमच्या वडिलांची पद्धत होती, मृगाआधी ओढ्यातला गाळ काढायचा. वडील गेल्यावर दरवर्षी खोरं घेऊन पहिला ओढ्यात उतरायचा तो भाऊच. जो उतरायचा नाही त्याला गल्लीत उभं करून शिव्या घालायचा. पाणी कुठनं जातं हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

तो व्हरांड्याची पायरी उतरून पाण्याच्या कडेला आला. मग म्हणाला, "एक पावसाळा निघंल वाटलं." आणि खिशातून फोन काढला.

जेसीबी यायला तासभर लागला. त्या तासात चाचांच्या घरातून काहीतरी पडल्याचा आवाज दोनदा आला. दोन्ही वेळा भाऊ पाण्यात शिरला, दारापर्यंत गेला, हाक मारून, ओ मिळवून परत आला. भराव फुटला तेव्हा पाणी घोंगावत मोरीत शिरलं. चाचांची पुढची भिंत राहिली. मागची गुडघाभर खचली.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर बायकोनं चहा दिला. चाचा भावाला म्हणाले, "बसा की, पावणं झालासा व्हय?"

भाऊ उभाच राहिला. "चाचा, पाइप बारका घातलावता मी. कळत हुतं मला."

"मला बी दिसत हुतं की रोज दारातनं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"दरसाल वढा तुम्हीच काढताय. म्हणलं, ह्यो माणूस आपला भराव आपणच काढंल."

भावानं कप तसाच कट्ट्यावर ठेवला आणि खोरं मागितलं. उजेड होता तोवर तो चाचांच्या मागच्या दाराशी चिखल उपसत होता. परवाच्या लग्नाचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही.