भाऊजींचे तीन ठोके

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात आहेत. माणसांशी बोलायला जिवावर येतं, पाइपांशी मात्र गूळपीठ. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी हातोडीने पाइपवर तीन ठोके देणार, कान लावणार, आत हवा अडकलीय की पाणी आहे ते ओळखणार, मगच चावी फिरवणार. जाऊ म्हणते, "ताई, माझं कधी असं कान लावून ऐकलं असतं तर."

लढाई थांबली तेव्हा मधली रेघ अशी पडली की पंप आमच्याकडे आणि मोठा व्हॉल्व्ह पलीकडे. म्हणून दर आठवड्याला निळ्या टोपीवाले निरीक्षक, सगळ्या देशांनी मिळून पाठवलेले, भाऊजींना पांढऱ्या जीपने पलीकडे सोडतात, काम झालं की आणतात. मी या लोकांची यथेच्छ टिंगल करायचे. दिवसभर दुर्बीण लावून बसायचं, असली नोकरी मी फुकटात केली असती.

त्या सकाळी भाऊजी गेले आणि अर्ध्या तासात रेघेवरचं फाटक बंद. पलीकडे नवी तुकडी आलेली, तिने तीन गोळ्यांचा आवाज ऐकला म्हणे. लगेच आमचेही सैनिक बंदुका घेऊन खंदकात. आणि भाऊजी पलीकडेच. जाऊ नि मी धापा टाकत निरीक्षकांच्या चौकीवर गेलो.

तिथली प्रमुख बाई माझ्या लेकीच्या वयाची. शेजारी दुभाषी.

"गोळ्या कधी झाडल्या?" मी विचारलं.

"नऊ दहाला," दुभाषी म्हणाला. "तीन. थांबून थांबून."

जाऊ मटकन खालीच बसली. "ताई, हे तर ह्यांचे ठोके."

"कसले ठोके?" दुभाष्याने विचारलं.

"अहो, नवरा माझा. पाइप बडवतो."

दुभाष्याने सांगितलं. बाई हसली नाही. तिने दोन फोन लावले, एक आमच्या साहेबाला, एक पलीकडच्या. "पंधरा मिनिटं कुणी गोळी झाडणार नाही. मी तिथे जाते. तोच आवाज पुन्हा होईल, दोघांनी ऐका." फोन दुभाष्याच्या हातात देऊन ती दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधून सरळ चालत गेली. माझी टिंगल घशातच राहिली.

ठण्ण. मग ठण्ण. मग ठण्ण.

जावेने माझा दंड असा आवळला की अजून दुखतोय. फोनमध्ये कुणीतरी बरंच बोललं.

"ते म्हणतायत, हाच आवाज," दुभाषी म्हणाला. "आणि विचारतायत, एवढं बडवतो कशाला?"

"आम्हालाही कळलेलं नाही म्हणावं," मी म्हटलं.

फाटक उघडलं. भाऊजी जीपमधून उतरले. जावेला रडू आवरेना आणि हे म्हणतात, "हवा होती आत. काढली."

"चला घरी, तुमचीच काढते," जाऊ म्हणाली आणि बाही धरून घेऊन गेली.

मी बाईला चहाला बोलावलं. तिने नाही म्हणून मान हलवली, आधी अहवाल लिहायचा होता. काय लिहिणार म्हणून विचारलं. दुभाष्याने वाचून दाखवलं: "गोळीबार नाही. पाणी सुरू."