भावाच्या विमानातली हवेची नळी

वायरिंगच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. नागपूरच्या मिहानमधल्या विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये इतकी वर्षं मोठ्या विमानांच्या पोटात शिरून तारा ओढल्यावर तेवढा माज माणसाला शोभतो, असं माझं मत आहे. म्हणून धाकट्या भावाने दोन माणसांचं विमान स्वतःच बांधायला घेतलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी बजावलं. पंख तू जोड, इंजिन तू बसव, पण तारांना आणि हवेच्या नळ्यांना हात लावायचा नाही.

भाऊ काटोलकडे संत्र्याची बाग करतो. हलकी विमानं उडवायचा परवाना त्याने चाळिशीत काढला आणि मग दुसऱ्याच्या विमानात त्याचं मन रमेना. त्याने सुटे भाग मागवले आणि काटोल रोडवरच्या आमच्या गोदामात, जिथे हंगामात संत्र्याचे कॅरेट रचतात, तिथे विमान आकाराला येऊ लागलं. रविवारी मी जेवणाचा डबा आणि तारांची टोकं दाबायची पक्कड घेऊन तिथे जायचे.

माझं काम बघायला तो स्टूल टाकून बसायचा. तारेच्या दोन्ही टोकांना नंबर, वळणावर थोडी ढील, पत्र्याची कड लागेल तिथे रबर, आणि सगळा जुडगा मेण लावलेल्या दोऱ्याने आवळायचा. प्लास्टिकच्या पट्ट्या मला चालत नाहीत; त्यांची कापलेली टोकं हात ओरबाडतात.

"येवढं तं घराच्या वायरिंगलेही कोणी करत नाही वं ताई," तो म्हणायचा.

"घर थरथरते का गा? वरून पडते का?"

यावर तो चहा सांगायला जायचा.

तारांपेक्षाही जपून मी हवेच्या नळ्या टाकल्या. विमानाचा वेग मोजायची युक्ती तशी साधी आहे. पंखाखाली पुढे तोंड करून एक नळी असते, तिच्यात समोरचा वारा शिरतो. दुसऱ्या नळीचं भोक बाजूला असतं, तिथे वारा ढकलत नाही. दोन्ही नळ्या वेगाच्या मीटरपर्यंत जातात आणि त्यांच्या दाबातल्या फरकाने काटा हलतो. मीटरच्या आत धातूची एक डबी असते, कागदासारखी पातळ. उतरताना वेग फार कमी झाला की विमान हवेवर टिकत नाही, सरळ खाली येतं. तो धोका भावाला वेळेवर सांगणारा हाच काटा होता.

पहिल्या उड्डाणाचा दिवस ठरला, परवानग्या हातात आल्या. मी शेवटची तपासणी करायला गोदामात गेले. विमान जागेवर उभं, शटर बंद, वाऱ्याची झुळूकही नाही, आणि काटा शून्यावर नव्हता. जरासा वर अडून बसला होता. काचेवर टिचकी मारली तरी ढिम्म.

"याले कोणी हात लावला?"

"हात नाही लावला," भाऊ अभिमानाने म्हणाला. "कुंभारीण माशी घिरट्या घालून राहिली होती नळीपाशी. आत मातीचं घर केलं असन म्हणून चांगली जोरात फुंकली. मस्त साफ आहे आता लाइन."

भाऊ त्यात बसणार नसता तर मी हसले असते. ठिबकची तोटी तुंबली की आमच्या बागेत ती उपटतात, तोंडात धरून फुंकतात, आलेला गाळ थुंकतात आणि परत खोचतात. बाबा तसंच करायचे, लहानपणी मीही केलंय, भाऊ तर रोज करतो. तोटीला ते मानवतं. त्या पातळ डबीला शेतकऱ्याच्या छातीतली हवा सोसली नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मीटर सोडवून तरी फुंकायचं ना गा!"

"येवढ्याशा फुंकीनं काय होते? आन् मोबाइलवर दिसते ना वेग."

"तो जमिनीवरचा वेग, वारा त्यात धरत नाही. तुले हवेवर उडायचं आहे."

उड्डाण तोंडावर आलं होतं, बागेतली माणसं गाडी करून बघायला येणार होती. तोही भडकला. "कंपनीच्या विमानाले तू असंच अडवून ठेवतं का?"

"ठेवतो. आन् तिथं तं माझा भाऊही बसत नाही."

मी मीटर काढून पिशवीत टाकलं आणि उड्डाण पुढे ढकललं.

नवं मीटर आलं तेव्हा त्याची परीक्षा भावाच्याच हातून घेतली. ठिबकच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, फळीवर इंग्रजी यूसारखी बसवली, एक टोक पंखाखालच्या नळीला जोडलं, पाणी नीट दिसावं म्हणून त्यात चिमूटभर कुंकू टाकलं. तोंड लावायचं नाही, दुसरं मोकळं टोक फक्त हळूहळू उचलायचं. लाल पाणी चढलं तसा काटा चढला, पाणी थांबलं तिथे थांबला, आणि टोक खाली आणल्यावर शून्यावर येऊन बसला. भाऊ श्वास रोखून बघत होता.

मग एका स्वच्छ सकाळी नागपूरबाहेरच्या खासगी धावपट्टीशेजारी मी हातात रेडिओ घेऊन उभी राहिले. मला काळजी नव्हती. माझं काम मला ठाऊक होतं. विमान पळू लागलं की वेगाचा काटा हलला का, हे वैमानिकाने मोठ्याने सांगायचं असतं. नाही हलला तर तिथेच थांबायचं. धूळ उडाली, विमान माझ्यासमोरून गेलं, आणि रेडिओवर त्याचा आवाज आला, "काटा उठला." पाठोपाठ चाकं जमिनीवरून सुटली.

"ठीक" म्हणायला मी बटण दाबलं आणि शब्दाऐवजी हुंदका बाहेर पडला. आयुष्यात इतकी विमानं वर पाठवली, असं कधी झालं नव्हतं. बटण सोडायचंही सुचेना, त्यामुळे माझं सगळं रडणं त्याला वर ऐकू गेलं. शेवटी अंगठा निघाला तेव्हा भाऊ घाबऱ्या आवाजात विचारत होता, "काहून रडून राहिली वं ताई? काटा खोटा तं नाही ना सांगून राहिला?"

"खरा आहे," मी म्हटलं. "त्याच्याकडे पाह्य. माझ्याकडे नको पाहू."