उतरलेल्या सेलचा सोलो

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका गोदामात आमच्या बँडचं लीड गिटार चुकीच्या सुरात लावलेलं असल्याचं सिद्ध झालं. जाड तार ‘ई’ असायला हवी होती. मोबाइलवरचा ट्यूनर ‘डी’ दाखवत होता, तोही जरा उतरलेला. मग माझं रिदम गिटार तपासलं. तेही तितकंच खाली होतं, कारण मी चौदा वर्षं माझ्या तारा लीड गिटारशी जुळवत आलो होतो.

बँडमध्ये तोवर आम्ही तिघे होतो. लीड गिटार वाजवणारे सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहेत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ड्रमवर बसणारा लग्नसराईत धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीच्या वाद्यपथकात, वाजवतो आणि एरवी पंक्चरचं दुकान चालवतो. तिसरा मी, तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर. मधल्या काळात दोन कीबोर्डवाले येऊन गेले. सूर जमत नाही असं दोघांनीही सांगितलं होतं. आम्ही दोष त्यांच्या कीबोर्डला दिला.

ट्यूनर लावला तो ड्रमवाल्याच्या भाचीने. ती एकोणीस वर्षांची, गोंदियातल्या कॉलेजात शिकणारी. गिटार ती मोबाइलवरून शिकली आणि रोज चार तास ठेका मोजणारा मेट्रोनोम लावून वाजवते. त्या रविवारी ती पहिल्यांदा सरावाला आली होती. तिच्या बोटांचा वेग असा होता की मला तार आणि बोट वेगळं दिसेना. तिने माझी रिदम वाजवली, मग तिने स्वतःचं एक लीड वाजवलं, आणि दोन्हींत चूक नव्हती.

नेमक्या त्याच आठवड्यात एक प्रवेशअर्ज भरून पाठवायचा होता. मार्चमध्ये शहरातल्या एका सभागृहात जिल्ह्यातल्या बँडचा कार्यक्रम ठरला होता. प्रत्येकाला आठ मिनिटं, एकच गाणं. नागपूरहून येणारे दोन वादक त्यातून एक बँड तिकडच्या कार्यक्रमासाठी निवडणार होते. निवडीचं मास्तरांना फार नव्हतं. त्यांना एका गाण्यातला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, स्टेजवर वाजवायचा होता. तो सोलो ते पंचवीस वर्षं वाजवत होते, पण शाळेच्या वऱ्हांड्यात, घरी आणि आमच्या गोदामात. लग्नात आणि गणपतीत लोक सिनेमाची गाणी मागतात. तिथे तो कधी वाजला नव्हता.

हा सोलो त्यांच्याकडे कसा आला ते आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांच्या गावात तेव्हा वीज नव्हती. रेल्वेत गँगमन असलेल्या मामाने टेपरेकॉर्डर आणून दिला आणि त्याच्याबरोबर एक विलायती रॉकची कॅसेट, जिला कव्हर नव्हतं आणि गाण्याचं नावही कुठे नव्हतं. सेल उतरले की मास्तरांची आई ते मोहफुलं वाळायला घातलेल्या चटईच्या कडेला उन्हात ठेवायची. उन्हाने सेल थोडा वेळ पुन्हा चालायचे. पूर्ण भरलेले सेल त्या टेपने क्वचितच पाहिले. पुढे शिक्षणासाठी गोंदियात आल्यावर मास्तरांनी जुनं गिटार मिळवलं, सुट्टीत गावी नेलं आणि त्याच्या तारा टेपशी जुळवल्या.

त्या रविवारी भाचीने मास्तरांचा सोलो ऐकला आणि मोबाइलसमोर तो गुणगुणला. मोबाइलने गाण्याचं नाव सांगितलं. आम्हा तिघांपैकी कोणालाही हे कधी सुचलं नव्हतं. तिने मूळ गाणं लावलं. ते आमच्यापेक्षा वरच्या सुरात होतं आणि वेगात होतं. सोलो अठ्ठेचाळीस सेकंदांत संपला. मास्तरांनी तो पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा.

“हे तं पळून राहिलं,” मास्तर म्हणाले.

“नाही सर, हे बरोबर आहे. तुमची टेप स्लो चालत होती,” भाची म्हणाली. “सेल डाउन असले की स्पीड कम होते, आणि सूर पण खाली जाते.”

ड्रमवाला म्हणाला, “मास्तर, तुमचे सेल अजून उतरलेलेच हायेत. गिटार उन्हात ठेवा.” मास्तर हसले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा गिटार हातात घेतलं नाही.

पुढचे चार आठवडे त्यांनी मूळ सोलो शिकण्यात घातले. शाळा सुटल्यावर वर्गात बसून, मेट्रोनोम लावून. त्यातला एक रविवार माघ पौर्णिमेच्या यात्रेत गेला, कारण ते कुटुंबासह कचारगडला होते. तिथूनही त्यांनी मला फोन करून विचारलं की सातव्या आणि आठव्या सुराच्या मध्ये किती अंतर आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ते सकाळच्या गाडीने आले. गिटार योग्य सुरात लावलेलं होतं. त्यांनी सोलो मूळ वेगात वाजवला. मी सवयीने वही काढून नोंद केली. दोन सूर सुटले. तिसऱ्या ठिकाणी तार ओढून सूर जिथे न्यायचा होता तिथे तो पोचला नाही, कारण वर चढवलेली तार जास्त ताठ असते आणि त्यांच्या बोटाला पंचवीस वर्षं ढिल्या तारेची सवय होती. वेळ मात्र बरोबर, अठ्ठेचाळीस सेकंद. नंतर भाचीने तोच सोलो वाजवला. चुका शून्य.

गोदामात त्या दिवशी बारदाना, म्हणजे धान्याची पोती, शिवणारी एक बाई होती. ती आमच्या सरावाच्या वेळी नेहमी असायची. दोन्ही वेळा तिची सुई चालू होती.

मास्तरांनी गिटार भिंतीला टेकवलं. “पोरीले वाजवू द्या,” ते म्हणाले. “बरोबर वाजवते ते. मी रिदम धरतो.”

ड्रमवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मास्तर मला म्हणाले, “पत्रकार, तू लिहून घेतलं ना? वाच.” मी वाचून दाखवलं. नोंदीत जे होतं तेच वाचलं. त्यावर वाद होण्यासारखं काही नव्हतं, आणि झालाही नाही. माझं मत मी दिलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर भजी खात होतो. आतून सोलो ऐकू आला. भाचीने तिचं गिटार मास्तरांच्या जुन्या सुरात उतरवलं होतं आणि ती हळू वेगात वाजवत होती. सूर सगळे बरोबर होते. तरी मधल्या एका जागी ती अडत होती. तिथे मोकळी जागा होती आणि तिची बोटं ती भरून टाकत होती, कधी तीन सुरांनी, कधी पाच.

तिने मास्तरांना आत बोलावलं. “सर, या जागी तुम्ही काय करता?”

“काई नाई. थांबतो.”

“किती बीट?”

मास्तरांनी तिचंच गिटार घेतलं. त्यांनी वाजवून दाखवलं. तिने मोबाइलवर वेळ मोजली. त्यांनी पुन्हा वाजवलं, तिने पुन्हा मोजली. पाच वेळा मोजली आणि पाचही वेळा थांबण्याची लांबी वेगळी आली. थांबण्याआधीचा सूर किंचित खाली बसायचा आणि मग हळूहळू उठायचा. मूळ गाण्यात तो सूर सरळ होता, आणि थांबणं तर नव्हतंच.

मास्तरांनी कारण सांगितलं. गाण्याचा आवाज तिथे मोठा व्हायचा. मोठ्या आवाजाला सेल पुरायचे नाहीत, टेप दबायची, सूर खाली बसायचा, आणि टेप सावरेपर्यंत वाट पाहावी लागायची. कधी लवकर सावरायची, कधी नाही. हे थांबणं गाण्यातच आहे असं ते समजत होते.

बारदाना शिवणारी बाई तेव्हा बोलली. चौदा वर्षांत ती आमच्या वाजवण्याबद्दल पहिल्यांदा बोलत होती. “गुरुजी तिथं काऊन थांबते ते आज समजलं,” ती म्हणाली. “मी तं सुई धरून बसतो तोवर.”

मला हे माहीत असायला हवं होतं. मी त्याच खोलीत बसत होतो. पुढच्या वेळी मास्तरांनी तो सोलो वाजवला तेव्हा मी गिटारच्या ऐवजी तिच्या हाताकडे पाहिलं. सुई बारदान्यात अर्धी शिरून थांबली होती. सूर उठला आणि सुई पुढे गेली.

“सर, स्टेजवर हाच वाजवा,” भाची म्हणाली.

“चूक हाये ते. नागपूरवाले ओळखतील.”

“चूक आहे, सर. मला बरोबर येते. ही चूक मला येत नाही.”

मास्तरांनी भिंतीजवळचं आपलं गिटार घेतलं आणि खुंट्या एक एक करून सैल करायला लागले. कोणती तार कुठवर उतरवायची हे त्यांनी कोणाला विचारलं नाही, ट्यूनरलाही नाही. ड्रमवाल्याने एवढंच विचारलं की थांबल्यावर त्याने काय करायचं. मास्तर म्हणाले, “माझ्या हाताकडे पाह्य. हात हलला का मार.”

कार्यक्रम मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी झाला. आमचा क्रम चौथा होता. रिदम भाचीने वाजवली. मी माझी जागा तिला दिली होती, कारण ती रिदमही माझ्यापेक्षा बरी वाजवते. मी तिसऱ्या रांगेत घड्याळ घेऊन बसलो. सरावात मास्तरांचा सोलो एक मिनिट दोन सेकंदांचा असायचा. स्टेजवर एक मिनिट अकरा सेकंद लागले. जास्तीचे नऊ सेकंद एकाच जागी गेले. त्या वेळात माझ्या शेजारचा माणूस हातातली पाण्याची बाटली उघडत होता. त्याने झाकण तसंच धरून ठेवलं.

निवड दुसऱ्या बँडची झाली. तिरोड्याचा होता, वेगात वाजवणारा, आणि त्यांची तयारी चांगली होती. नागपूरच्या वादकांपैकी एकाने नंतर मास्तरांना विचारलं की सूर असा खाली बसवायला पायाने दाबायचं कोणतं पेडल वापरता. मास्तरांनी पेडल नसल्याचं सांगितलं. त्याने गिटार हातात घेऊन पाहिलं, एक तार छेडली आणि ते उतरलेलं असल्याचं सांगितलं. मास्तर हो म्हणाले.

परतताना मास्तर दुपारच्या गाडीने सालेकशाला गेले. गिटार त्यांनी सीटवर ठेवलं आणि स्वतः उभे राहिले.

पुढच्या रविवारी सराव अकरा वाजता सुरू झाला. भाचीने ट्यूनर काढला नाही. मास्तरांनी जाड तार छेडली, तिने तिची तार त्या सुराशी जुळवली, आणि मग मी माझी.