दीनाचा पेला

लेकीकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला पोचले आणि पहिल्याच आठवड्यात मुक्ताला म्हटलं, "मला एरफुर्टला ने." तिथल्या मध्ययुगीन सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, नुकतंच संग्रहालय उघडलं होतं. मला ओढ होती ती दीनामुळे. दीना माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे आपली मराठी ज्यू. मॅट्रिकनंतर ती घरच्यांबरोबर इस्राएलला गेली.

शनिवारी मुक्ता, नात इरा आणि मी निघालो. शनिवार-रविवारचं एकच तिकीट तिघींना चालतं, साधारण चाळीस युरो. पण गाड्या बदलत जावं लागतं, तेव्हा दशम्या बरोबर असू द्याव्यात. स्टेशनवरून पायी जाता येतं. रस्ते दगडी, चपला नकोत.

गावात सापडलेला जुन्या ज्यूंचा खजिना संग्रहालयाच्या तळघरात आहे. चौदाव्या शतकात प्लेगचं खापर ज्यूंवर फोडून गावाने त्यांची कत्तल केली. त्याआधी कुणीतरी हे सगळं भिंतीखाली पुरलं होतं. सोन्याच्या लग्नाच्या अंगठीवर इवलंसं घर, त्याच्या छपरावर हिब्रू शुभेच्छा.

इराने तिथल्या बाईंना जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मुक्ताने मला सांगितलं, "विचारतेय, मालक परत न्यायला का नाही आले? त्या म्हणाल्या, कुणी उरलंच नाही."

शेजारी एकात एक बसणारे चांदीचे पेले होते.

"अगं आई, आपल्या पंचामृताच्या पेल्यासारखेच! इराला देणारेस ना तो?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" इरा म्हणाली.

"तो आपला नाही," मी म्हटलं.

दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना म्हणून दीनाचे बाबा त्या पेल्यातून काळ्या मनुकांचं सरबत घ्यायचे. मलाही घोट मिळायचा. कस्टममध्ये चांदी अडकेल म्हणून तिच्या आईने तो माझ्याकडे ठेवला. "दीना येईल हं न्यायला." पुढे माझं लग्न, बदल्या, पत्ते हरवले. पेला देवघरात गेला आणि हळूहळू आपला झाला.

"म्हणजे इतकी वर्षं तू..." सगळं ऐकून मुक्ता म्हणाली.

पुण्यात परतल्यावर सिनेगॉगमध्ये जाऊन चौकशी केली, नंबर ठेवून आले. तीन आठवड्यांनी दीनाचा फोन आला.

"काय गं, आहेस होय अजून? मला वाटलं पेला मोडून खाल्लास!"

"पंचामृताला वापरला गं मी."

"मग काय झालं? गोडच घातलंस ना त्यात? मे महिन्यात येते न्यायला."

रांगोळीने पेला घासताना तेच शब्द पुन्हा पुन्हा आठवतात. एरफुर्टच्या त्या भिंतीखाली कुणीतरी याच भरवशावर सगळं ठेवलं होतं: येते न्यायला.