ठिकाण न सांगणारे अप्पा

अप्पा कुठे गेले होते, हे त्यांच्याकडून काढून घेणं कुणालाच कधी जमलं नाही. सीमेवरचं सोडा, दुपारी अर्धा तास गेटवरून गायब होऊन ते परत आले आणि हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असली, तरी "कुठं गेला होता अप्पा?" याचं उत्तर एकच यायचं, "हितंच की, जरा बाहेर." मंडईत जाऊन आलो, एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

अप्पा आमच्या ज्युनिअर कॉलेजचे पहारेकरी. त्याआधी बावीस वर्षं तोफखान्यात, हवालदार म्हणून निवृत्त. गाव अक्कलकोटच्या पलीकडे, शेवटची एसटी वळसा घेऊन परत फिरते तिथलं. घरात कानडी, आमच्याशी मराठी आणि चिडले की फौजेतली हिंदी. कॉलेजची मुलं या तिसऱ्या भाषेला फार वचकून असत. सोलापूरच्या उन्हात प्राचार्यसुद्धा शर्टाचं वरचं बटण काढून बसत, पण अप्पांचं गळ्यापर्यंतचं बटण मी एकदाही उघडं पाहिलं नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणत असू. कधी डबा द्यायला आल्या की गेटपाशी टेकायच्या आणि नवऱ्यादेखत त्याच्या तक्रारी सांगायच्या. "बावीस वर्षं मला जागा सांगितली न्हाय बगा, सर. पत्ता काय, तर छप्पन एपीओ. ह्ये गाव कुटं आलं, म्हनून मी मास्तरांना नकाशात बघाय सांगितलं हुतं!" तो फौजेच्या टपालाचा पत्ता, नकाशात सापडणार कुठून! मग अक्कांनी आपला मार्ग काढला. नवरा सुट्टीवर आला की आधी त्याची ट्रंक उघडायची. अक्रोड निघाले की थंडीकडचं, बुटाच्या शिवणीत वाळू सापडली की वाळवंटातलं. कळलं तरी त्या बोलायच्या नाहीत आणि त्यांना कळलंय हे अप्पांना कळायचं, तेही बोलायचे नाहीत. असा संसार झाला. थोरला मल्लिनाथ पुढे तोफखान्यातच भरती झाला, तेव्हा निरोपाच्या वेळी अप्पांनी त्याला एकच सांगितलं म्हणे, "ठिकान आमाला बी सांगायचं न्हाय."

आता माझ्याविषयी सांगणं भाग आहे, आणि ते सांगताना मान वर राहत नाही. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. दिवाळीत फटाक्याची वात भाच्याकडून पेटवून घेणारा. पण चार-पाच वर्षांपूर्वी मला जगातल्या शस्त्रांचा नाद लागला आणि मी त्यावर मराठीतून यूट्यूब चॅनल काढलं. कुठल्या देशाने कसली तोफ ट्रकवर चढवली, खेळण्याएवढी ड्रोन रणगाडे कशी जाळतात, म्हणून त्या रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे कसे बसवतात, हे सगळं मी घरच्या मागच्या खोलीत, पडदा लावून, मोठ्या आवेशात सांगत असे. लोक बघायचे. कॉलेजात मला वेळापत्रक विचारणारे सहकारी आता युद्ध कधी लागेल ते विचारू लागले. मीही सांगू लागलो.

अप्पा माझा प्रत्येक व्हिडिओ बघत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हिशेबाला उभे राहत. मी म्हणालो होतो, नव्या तोफा इतक्या लांब मारा करतात. अप्पांचा प्रश्न वेगळाच, "गोळा उचलतंय कोन?" मी म्हटलं, अप्पा, आता यंत्रच गोळा भरतं. "आन् यंत्र बिगाडलं की? पंचेचाळीस किलोचा गोळा हाय सर, चिखलात दोन टायमाला उचलला की कंबर बोलाय लागती." एकदा मी बारीक काचेच्या तारेला जोडून उडणाऱ्या ड्रोनविषयी सांगितलं. रेडिओ लहरी अडवल्या तरी ती तार संदेश नेते, म्हणून ते थांबवता येत नाही. माझ्या मते हा कमालीचा शोध होता. अप्पा म्हणाले, "ती तार रानात तशीच ऱ्हाती व्हय? मग मागनं गोळा कोन करनार? बैलाच्या पायात जाईल की." एवढा मोठा लेख वाचून मी व्हिडिओ केला होता, त्यात बैल कुठेच नव्हता.

काही देशांत सैन्याला तरुण मिळेनात, म्हणून सक्तीची भरती परत येतेय आणि दुसरीकडे यंत्रमानव तयार होतायत, असं मी एकदा सांगितलं. त्यावर अप्पा, "पोरं मिळंनात म्हनून मशिनी केल्या, का मशिनी केल्या म्हनून पोरं नगं झाली?"

पण ते खरे चिडले एकदाच. परदेशातल्या एका हल्ल्याबद्दल बोलताना मी म्हणालो होतो, "यात फक्त चार सैनिक मारले गेले." दुसऱ्या दिवशी अप्पा खुर्चीवरून उठलेच नाहीत. मी समोर गेल्यावर म्हणाले, "सर, त्यो 'फकस्त' काढा." मी म्हटलं, व्हिडिओ आता बदलता येत नाही. "मग फुडच्या टायमाला ध्यानात ठिवा. चौघांच्या घरला चार तारा जात्यात." मी ध्यानात ठेवलं, पुढचे दोन-तीन व्हिडिओ. नंतर विसरलो.

मग तो उन्हाळा आला. सीमेवर तणाव वाढला, टीव्हीवर दिवसभर भोंगे वाजू लागले, आणि माझ्या मागच्या खोलीला एकाएकी महत्त्व आलं. मी दिवसाला तीन-तीन व्हिडिओ करू लागलो. सैन्याच्या हालचाली दाखवू नका, सांगू नका, अशी सरकारी सूचना आली होती. ती मी स्वतःच माझ्या व्हिडिओत वाचून दाखवली होती, गंभीर चेहरा करून.

त्याच आठवड्यात एका सकाळी अप्पांचं ते गळ्याजवळचं बटण उघडं होतं. मी विचारलं, बरं नाही का? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला गेटच्या आत घेतलं आणि म्हणाले, "पोराचा फोन आलता. कुटं हाय ते त्यो सांगत न्हाय, मी इचारत न्हाय. पर सर, त्यानं इचारलं, अप्पा, तुमी तोफंच्या मागच्या झडपंत वाळू जाऊ नये म्हनून काय करत हुता? एवढंच इचारलं." मग म्हणाले, "वाळूत गेलंय पोरगं. त्ये नवं सामान हाय न्हवं, ज्येचं त्यो शिकाय गेलता, त्ये घिऊन. ह्ये तुमच्यापुरतं हाय, सर. अक्काला बी बोललो न्हाय." बावीस वर्षं बायकोला न सांगितलेल्या माणसाने मला सांगितलं, कारण जीव टांगणीला लागला होता आणि तोफेतलं कळणारं दुसरं कुणी आसपास नव्हतं. निदान मला कळतं, अशी त्यांची समजूत होती.

संध्याकाळी मी व्हिडिओ केला. "अत्यंत विश्वसनीय सूत्रांकडून समजतंय," अशी सुरुवात. नव्या तोफा वाळवंटात पोचल्या आहेत. आणि सोलापूरकरांची छाती फुगावी म्हणून वर फोडणी दिली, की त्या तोफेवर आपल्याच जिल्ह्याचा, अक्कलकोटकडचा एक जवान आहे, त्याचे वडीलही तोफखान्यातच होते. नाव घेतलं नाही, याचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं. नाव त्यांच्या गावच्या लोकांनी घातलं. खाली प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी लिहिलं, "आमचा मल्लू! अभिमान आहे भावा!" आणि मग अख्ख्या गावाने ते एकमेकांना पाठवलं. गाव बिचारं कौतुकच करत होतं. व्हिडिओ मल्लिनाथच्या युनिटपर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत.

त्याला तोफेवरून उतरवलं. चौकशी लागली. ज्या तोफेसाठी तो महिनोन्महिने शिकला होता, ती दुसऱ्याच्या हाती गेली आणि त्याला मागे सामानाच्या कोठारात बसवलं. पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीतून नावही गेलं. हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते इतकंच, की साध्या कपड्यातले फौजेचे दोन साहेब प्राचार्यांच्या खोलीत बसलेत आणि मला बोलावलंय.

मी गेलो तर अप्पा आधीच तिथे उभे होते. बटण लावलेलं, हात पँटच्या शिवणीला. साहेबांनी मला विचारलं, ही माहिती प्रसिद्ध करायला तुम्हाला कुणी सांगितलं? नोकरी, दोन मुलं, घराचे हप्ते, वर्तमानपत्रात येणारं नाव, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी काही बोलायच्या आत अप्पा बोलले, "साब, सरांची चूक न्हाय. मीच म्हनलो, घाला. पोराचं कवतिक वाटलं. म्हातारपनी जीभ घसरली." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "असंच झालं?"

मी म्हणालो, "हो."

एवढाच एक शब्द. त्यानंतर त्यांनी आणखी काय काय विचारलं, मी काय सही केली, मला नीट आठवत नाही. व्हिडिओ काढून टाकायला सांगितला, समज दिली आणि मला सोडलं. बाहेर आल्यावर मी अप्पांकडे पाहू शकलो नाही. तेच म्हणाले, "जावा सर, तास हाय न्हवं तुमचा." मी गेलो आणि बारावीच्या सुट्टीतल्या जादा वर्गाला तासभर प्रकाशाचं परावर्तन शिकवलं.

पुढच्या महिन्यात अप्पांनी नोकरी सोडली. कॉलेजने काढलं नव्हतं. "पहाऱ्यावरच्या मानसाचं तोंड उगडं ऱ्हायलं, तर त्यो कसला पहारा," असं प्राचार्यांना सांगून गेले. प्राचार्यांनी हे मला स्टाफरूममध्ये हसत हसत ऐकवलं, फौजी माणूस म्हणजे अजबच, असं म्हणून. मीही हसलो.

पावसाळ्यानंतर एकदा धीर करून मी त्यांच्या गावी गेलो. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. मल्लिनाथ घरी फोन करी तो आईलाच. अप्पांचं नाव निघालं की ठेवून देई. ज्या बापाने आयुष्यात ठिकाण सांगितलं नाही, त्यानेच यूट्यूबवर आपलं ठिकाण वाजवावं, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. अक्का आत गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, मी मल्लिनाथला खरं काय ते सांगतो." ते समोरच्या तुरीकडे बघत म्हणाले, "सांगून त्येला तोफ मिळनार हाय व्हय? उलट तुमची नोकरी जाईल. मला पेन्शन हाय, माजं काय जातंय? पोरगं येईल जागंवर हळूहळू." मी म्हणायला हवं होतं, नाही अप्पा, हे मला चालणार नाही. मी म्हणालो, "बघा, तुम्ही म्हणता तर." आणि साडेचारची एसटी पकडली. गाडीत मला हलकं वाटत होतं, हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटत होतं.

चॅनल मी थोड्या दिवसांनी बंद केलं. लोकांनी कारण विचारलं, तर प्रकृती सांगितली.

अप्पा यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला गेले. झोपेतच. मातीला मी पोचलो नाही, मल्लिनाथही पोचला नाही. तो दुसऱ्या दिवशी आला. मी पाचव्या दिवशी गेलो. सोप्यात वर्दीतला फोटो होता, काचेवर विभूतीची तीन बोटं ओढलेली. मल्लिनाथ बाहेर आला. बापासारखाच उंच, बापासारखीच मान. मी काही बोलायच्या आत तो वाकला आणि माझ्या पाया पडला.

"सर, माफ करा. अप्पांच्यापाई तुमाला साहेबांफुडं हुबं ऱ्हावं लागलं. अप्पा आईला सांगत हुते, सर नगं नगं म्हनत हुते, मीच हट्ट केला."

अप्पांनी माझ्यासाठी एवढंही खोटं बोलून ठेवलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा मला पळायला जागा उरली नाही. मी सांगितलं. गेटच्या आतलं, झडपेतल्या वाळूचं, "तुमच्यापुरतं हाय" म्हणाले होते ते, आणि माझा तो "हो". सगळं सांगायला पाच मिनिटं पुरली.

मल्लिनाथ खांबाला धरून खाली बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हंजे अप्पांनी न्हवतं सांगितलं." मग परत, "मी वरीसभर त्यांचा एक फोन उचलला न्हाय हो, सर. रोज करत हुते."

आतून अक्का आल्या. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. हातात दोन कप होते. "सर, च्या घ्या. लांबनं आलाव." मल्लिनाथ उठला, आईच्या हातातला कप घेतला आणि स्वतः माझ्या हातात दिला. त्या घरात आलेल्याला चहा न देता पाठवायची रीत नव्हती. मी तो कप धरून उभा होतो, आणि ती दोघं मी प्यायची वाट बघत होती.